फोन हातात असताना दीड लाखाचा छोटा कॅमेरा घेणं खरंच मूर्खपणा आहे का?

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि प्रत्येक ठिकाणी खाली "अगदी बरोबर" म्हणणारे होतेच. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की फुजीचा एक्स१००व्हीआय, रिकोचा जीआर, सोनीचा आरएक्स१०० असले खिशातले महागडे कॅमेरे म्हणजे नुसती शोबाजी, कारण फोनला आता २०० मेगापिक्सेल आहेत, फोनमध्येसुद्धा एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आलाय, या कॅमेऱ्यांना धड झूम नाही, तेवढ्याच पैशात डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) येतो आणि दोन वर्षांनी विकायला गेलं तर कोणी विचारत नाही. मी आधी पहिला आरएक्स१०० वापरला, आता काही वर्षं जीआर थ्री वापरतेय, आणि यातला एकेक मुद्दा नीट बघितला तर बहुतेक टिकत नाहीत. जो टिकतो तोही सांगते.

मेगापिक्सेलचा मुद्दा पटकन संपवू. २०० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये शेजारशेजारचे सोळा पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण एवढ्याशा सेन्सरवर एवढे पिक्सेल कोंबले की एकेकट्याला प्रकाशच पुरत नाही. कंपनीलाही ते माहितीये म्हणूनच ती एकत्र करते ना! त्यामुळे फोनचे २०० विरुद्ध जीआरचे २४ अशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आता एक इंची सेन्सर. हा मेसेजमधला सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. आधी एक गोष्ट, एक इंची सेन्सर एक इंचाचा नसतो. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलंय. जीआर आणि एक्स१०० मध्ये एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर आहे, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. पण खरं सांगायचं तर नुसता सेन्सर मोठा असून भागत नाही, पुढची लेन्स किती उघडते तेही बघावं लागतं. ते एफच्या आकड्याने सांगतात, आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी. शाओमी १३ प्रो सारख्या फोनची मुख्य लेन्स एफ १.९ आहे, जीआरची एफ २.८, आणि दोन्ही एका मापावर आणून हिशोब केला तर जीआरला मिळणारा एकूण प्रकाश त्या फोनपेक्षा दुप्पट पण भरत नाही. एक्स१००व्हीआय ची लेन्स एफ २, तिथे फरक जवळजवळ तिपटीचा होतो. आणि आयफोन प्रोच्या मुख्य कॅमेऱ्याशी लावलं तर तो सेन्सर एक इंचाहूनही लहान, तिथे एक्स१०० चारपट पुढे जातो. शिवाय फोनमध्ये एक इंची सेन्सर असतो तो सहसा मुख्य लेन्सच्या मागे, झूमच्या लेन्समागे लहानच असतो, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

पण माझ्यासाठी आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. दिवाळीत गावी मामी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती, स्वयंपाकघरात एकच पिवळा बल्ब आणि जाळाचा उजेड. भावाने फोनवर फोटो काढला, नाईट मोड आपोआप लागला. नाईट मोड म्हणजे फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या जोडून एक फोटो बनवतो, त्यामुळे जे स्थिर आहे ते छान स्वच्छ येतं, भिंत, डबे, मांडणी सगळं लख्ख, पण मामीचे हात हलत होते ना, त्या हातांचा नुसता लगदा झाला आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून गेल्या. मी जीआरवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढवून ६४०० ठेवला, शटर सेकंदाचा फक्त १२५ वा भाग उघडं ठेवलं आणि एकच फ्रेम काढली. फोटोत दाणे आहेत, कोपरे काळे आहेत, पण बोटांना लागलेलं पीठ दिसतं आणि खोली अंधारी होती तशी अंधारी दिसते. फोनने ती खोली ट्यूबलाइट लावल्यासारखी केली होती. मामीच्या घरात ट्यूबलाइट नाहीये. काय उजळायचं आणि काय काळं ठेवायचं हे मला ठरवायचं असतं, पैसे मी त्याचे मोजलेत.

फोनमध्येही सगळं हाताने ठरवायचा प्रो मोड असतो असं कोणीतरी म्हणेलच. असतो, वापरून बघा, भाकरी तव्यावर जाईपर्यंत स्क्रीनवर स्लायडर सरकवत बसावं लागतं. जीआर खिशातून काढला की सेकंदाच्या आत चालू होतो आणि त्यात स्नॅप फोकस आहे, म्हणजे अंतर आधीच ठरवून ठेवायचं. एफ ८ ला अडीच मीटरवर ठेवलं की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं फोकसमध्ये, बटण एका दमात दाबलं की फोटो. पुण्यात पालखी येते तेव्हा लक्ष्मी रोडवर मी असेच फोटो काढते, लेन्समधलंच शटर असल्यामुळे आवाज जवळपास नाही आणि समोरचे वारकरी अवघडत नाहीत.

झूम नाही, हे खरंय. जीआर थ्री फक्त २८ मिलिमीटरच्या नजरेने बघतो, एक्स१०० फक्त ३५ च्या (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). पण सगळ्याच छोट्या कॅमेऱ्यांना झूम नाही हे साफ खोटं. २०१९ चा आरएक्स१०० मार्क सेव्हन २४ ते २०० मिलिमीटर झूम करतो आणि तोही खिशात जातो, मेसेज लिहिणाऱ्याने नाव घेतलं त्यातच तो आहे! मुलांचं गॅदरिंग, पक्षी, क्रिकेट हे काढायचं असेल तर जीआर घेऊच नका.

तेवढ्याच पैशात डीएसएलआर येतो, हो येतो. सेन्सरही तेवढाच मिळतो. पण साधी बॉडी आणि सोबतची नेहमीची १८-५५ मिलिमीटरची लेन्स मिळून सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते आणि वर बॅग. जीआर थ्री बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. डीएसएलआर घेतलेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचा कॅमेरा वर्षभरात कपाटात गेला, आणि जीआर मात्र भाजी आणायला जातानाही माझ्या पर्समध्ये असतो.

विकण्याचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. २०२० मध्ये आलेला एक्स१००व्ही, म्हणजे व्हीआयच्या आधीचं मॉडेल, नंतर इतका गाजला की दुकानांत मिळेना आणि जुने पीस मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकले गेले. कुठला फोन तीन वर्षांनी असा विकला गेलाय? आणि लाख-सव्वा लाखाचा फोन दर तीन वर्षांनी बदलणारेच हा मेसेज पुढे पाठवतात. मी फोन पंचवीस हजारातला वापरते आणि उरलेले पैसे कॅमेऱ्यात घातले, हिशोब साधारण तेवढाच बसतो.

आता मेसेजने जे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही ते. जीआरला पाणी-धुळीपासून संरक्षण नाही, पावसाळ्यात जपावं लागतं आणि धूळ आत सेन्सरपर्यंत जाऊ शकते. बॅटरी जेमतेम दोनशे फोटो, जादाची लागतेच. व्हिडिओ हवा असेल तर फोनच बरा. आणि एक्स१००व्हीआय बाहेर सुंदर दिसतो म्हणून घ्यायचा विचार असेल तर थांबा, आधी पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतो तो दोन दिवस आणा. त्याहून सोपं म्हणजे आज फोनची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षातले आवडते पन्नास फोटो कुठल्या लेन्सने काढलेत ते मोजा. माझे एक्केचाळीस मुख्य लेन्सचे निघाले होते, झूम मी जवळपास वापरतच नव्हते, म्हणून जीआर घेतला. तुमचे तीस जर झूमचे निघाले तर तो तुमच्यासाठी नाही.