क्लॅश जंपरवरचा तो मेसेज: एकेक मुद्दा घेऊन उत्तर

मेलबर्नमधल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘जर्सीच्या नावाखाली लूट’ अशा मथळ्याचा. त्याचं म्हणणं असं: इथल्या फुटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, दोन संघांचे रंग सारखे असले की पाहुण्या संघाला वेगळं ‘क्लॅश जंपर’ (जंपर म्हणजे संघाची जर्सी) घालायला लावतात, ते थोतांड आहे. शंभर वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पाहुणा संघ पांढरी चड्डी घालतो, तेवढं पुरे. खेळाडू एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. रंगांधळ्यांचं निमित्त सांगतात, पण ते गोऱ्यांमध्ये असतं, आपल्यात नसतं. आणि ज्याला रंग दिसत नाहीत त्याने मैदानात उतरूच नये. रंग बदलला की संघ हरतो, हे २०१९ ला भारताच्या नारिंगी जर्सीने दाखवलंच. थोडक्यात, सगळा जंपर विकायचा धंदा.

असे मेसेज मी एरवी न वाचता पुढे जातो. हा माझ्या बहिणीपर्यंत पोचला म्हणून थांबलो. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा शनिवार-रविवारी पोरांच्या सामन्यांत बाउंडरी अंपायर असतो. त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मेसेज वाचून ताईने त्याला विचारलं, “तुला जमत नसेल तर सोडून दे ना.” ज्या तात्यांनी तो तिला पाठवला त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण तात्या, पुढे ढकलण्याआधी एकदा नीट वाचायला हवा होता.

आधी चड्डी. एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या इथल्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत, यजमान संघ गडद चड्डी घालतो आणि पाहुणा संघ पांढरी, ही जुनी पद्धत आहे. ती का पडली? दोन संघ वेगळे ओळखू यावेत म्हणूनच. म्हणजे हा मेसेज एका ओळीत म्हणतो की शंभर वर्षं अडचण नव्हती, आणि दुसऱ्या ओळीत त्याच अडचणीवरचा जुना उपाय पुढे करतो. यातलं एक काहीतरी धरा. आणि तो उपाय अपुरा आहे हे मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. चेंडूवर सहा-सात जणांचा ढीग पडला की दिसतात खांदे, पाठी आणि हात. चड्ड्या त्या ढिगाखाली असतात, आणि जुलैच्या पावसात त्या पांढऱ्याही राहत नाहीत.

‘शंभर वर्षं’ हेही तपासू. १८९७ साली व्हीएफएल, म्हणजे आजच्या एएफएलची मूळ स्पर्धा, सुरू झाली तेव्हा आठ क्लब होते, बहुतेक मेलबर्नच्याच उपनगरांतले. ज्याने त्याने आपापल्या वस्तीत रंग ठरवले होते. पुढे देशभरातले अठरा क्लब एकाच स्पर्धेत येतील असा विचार तेव्हा कुणी केलेला नव्हता. त्यामुळे एसेंडनच्या काळ्या जंपरवर लाल तिरका पट्टा आणि रिचमंडच्या काळ्या जंपरवर पिवळा तिरका पट्टा. कॉलिंगवुडचे काळे-पांढरे उभे पट्टे आणि नॉर्थ मेलबर्नचे निळे-पांढरे उभे पट्टे. मेलबर्न आणि कार्लटन दोघंही गडद निळे. ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ साली, रंगीत टीव्ही १९७५ च्या मार्चमध्ये. मधली जवळजवळ वीस वर्षं ज्यांनी कॉलिंगवुड-नॉर्थचा सामना घरी बसून पाहिला, त्यांना एका बाजूला काळे-पांढरे पट्टे दिसत आणि दुसऱ्या बाजूलाही काळसर-पांढरेच. त्यांचं काही अडलं नाही असं ठामपणे सांगणारा हा मेसेज लिहिणारा कोण?

चेहऱ्याने ओळखण्याचा मुद्दा लिहिणाऱ्याने फुटी कधी जवळून पाहिलेली नसावी. हा खेळ सॉकर नाही. इथे ऑफसाइड नाही, म्हणून अमुक संघ अमुक बाजूला असा काही भाग नसतो. दोन्हीकडचे मिळून छत्तीस खेळाडू क्रिकेटच्या अंडाकृती मैदानभर मिसळलेले असतात, आणि बहुतेकांना एकेक प्रतिस्पर्धी चिकटलेला असतो. चेंडू हातात आला की मागून टॅकल यायच्या आत तो मुठीने सहकाऱ्याकडे मारायचा किंवा लाथेने पुढे धाडायचा. त्या क्षणात चेहरा पाहायला सवड नसते. डोळ्याच्या कोपऱ्यात रंगाचा एक डाग दिसतो आणि हात त्या दिशेने जातो. समोरचा निम्म्या वेळा पाठमोरा असतो. एसेंडन आणि रिचमंडचे खेळाडू पाठमोरे उभे करा. पाठीवर काळ्याचाच भर. मग पाच नंबर कुणाचा आणि पंधरा नंबर कुणाचा, हे धावता धावता वाचत बसायचं का? अंपायरांचे कपडेही याच कारणाने बदलले. पूर्वी ते पांढरे असत. आता भडक रंगाचे असतात, कारण त्यांनाही दोन्ही संघांपासून वेगळं दिसावं लागतं.

आता ज्या मुद्द्यामुळे मला हे लिहावं लागलं तो. ‘आपल्यात रंगांधळेपणा नसतो.’

असतो. लाल-हिरवा रंगांधळेपणा एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असते, तिला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही, आणि मुलग्यात तो दिसतो. म्हणूनच तो पुरुषांत जास्त आणि बायकांत फार कमी आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारा जणांत एकाला तो असतो. भारतात प्रमाण यापेक्षा कमी आढळतं, एवढं त्या मेसेजच्या बाजूने मान्य करतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे रेल्वेत लोको पायलट घेताना ठिपक्यांचे आकडे वाचायला लावतात, रंगदृष्टी तपासतात, ती कुणाची? मुंबई-पुण्याच्या, नागपूर-सोलापूरच्या पोरांचीच ना? ‘आपल्यात नसतं’ असं म्हणायची सवय एवढी मुरलेली आहे की कित्येक मुलांना शाळा संपेपर्यंत कळतच नाही की आपल्याला वेगळं दिसतं. मास्तर म्हणतात, रंग नीट भर. घरचे म्हणतात, लक्ष कुठे असतं तुझं.

आणि ‘त्याने मैदानात उतरू नये’ हे तर सरळसरळ क्रूर आहे. इथे मला एकच दाखला पुरेसा वाटतो, आणि तो ऑस्ट्रेलियातला नाही, अमेरिकेतला आहे. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल लीगच्या, सामन्यात बफेलो बिल्सना नखशिखांत लाल कपडे दिले आणि न्यूयॉर्क जेट्सना नखशिखांत हिरवे. तुमच्या-माझ्या डोळ्यांना याहून वेगळे दोन रंग शोधून सापडायचे नाहीत. पण सामना सुरू होताच हजारो प्रेक्षकांनी तक्रार केली की आम्हाला दोन्ही संघ एकच दिसताहेत. टीव्हीवरच्या नेहमीच्या चाचणीत रंगांधळेपणा धरलाच नव्हता, हे लीगला दुसऱ्या दिवशी कबूल करावं लागलं. एवढी पैसेवाली लीग, एवढे तज्ज्ञ हाताशी, आणि साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. पुढे २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेने याच विषयावर मार्गदर्शिका काढली, कारण तिथेही लाल विरुद्ध हिरवा सामना नेहमीचाच.

या दाखल्यातून कळतं ते असं की नुसता ‘वेगळा रंग’ देऊन भागत नाही. एक संघ फिकट हवा, दुसरा गडद हवा. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या डोळ्यालाही फिकट आणि गडद स्वच्छ दिसतं. फुटीला हे लावून बघा. रंगांधळेपणाच्या एका प्रकारात लाल रंग फार काळपट दिसतो. त्या माणसाला एसेंडनचा लाल पट्टा काळ्यात बुडालेला दिसतो. फ्रीमॅंटलचा जांभळा अनेकांना निळा भासतो, मग समोर कार्लटनचा गडद निळा आला की झालं. पण रिचमंडने काळ्याऐवजी पिवळं जंपर घालून त्यावर काळा पट्टा घेतला, फ्रीमॅंटलने पांढरं घातलं, की प्रश्न मिटतो. क्लॅश जंपर म्हणजे एवढंच. क्लबचे रंग तेच, खूण तीच, फक्त उजेड-अंधाराचं माप बदललेलं.

माझ्या भाच्याचं काम काय असतं ते सांगतो. लाथेने मारलेला चेंडू कुठेही न टेकता, कुणाला न लागता थेट रेषेबाहेर गेला, तर मारणाऱ्याच्या विरुद्ध संघाला फ्री किक मिळते. म्हणजे चेंडू बाहेर गेला हे पाहून भागत नाही, तो कोणत्या संघाने मारला हेही त्याच क्षणी टिपावं लागतं. दोन्ही संघ गडद असले तर तिथे चांगल्या डोळ्यांचा अंपायरही चाचरतो, आणि कडेला उभे पालक ओरडायला तयारच असतात. एक संघ फिकट कपड्यांत असला की भाच्याचा निर्णय इतर कुणाइतकाच झटकन येतो. त्याच्या सामन्यांत पाहुण्या संघाने जंपर बदललं की त्याची अडचण संपते. आणि हा मेसेज नेमकं तेच जंपर काढून घ्या म्हणतो, आणि वर त्या पोरालाच घरी बसा म्हणतो. ताई, त्याला काहीही सोडायची गरज नाही.

नशिबाचा मुद्दा. ३० जून २०१९ ला बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध भारत नारिंगी-निळ्या जर्सीत खेळला, कारण दोन्ही संघ निळे होते. ३१ धावांनी हरला, खरं आहे. समोर ३३७ धावांचा डोंगर होता, त्याला जर्सीने काय करायचं? आणि त्याच नारिंगीत रोहित शर्माने १०२ केल्या, ते कुणाला आठवत नाही. फुटीतलंच उदाहरण हवं असेल तर २०१७ ची ग्रँड फायनल घ्या. एमसीजीवर लाखभर लोक. अ‍ॅडलेड गुणतक्त्यात पहिलं, म्हणून त्यांनी आपलं नेहमीचं जंपर घातलं, आणि रिचमंड उतरलं पिवळ्या क्लॅश जंपरमध्ये. १९८० नंतर रिचमंडने एकही विजेतेपद जिंकलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अ‍ॅडलेडला ४८ गुणांनी हरवलं, १०८ विरुद्ध ६०. सदतीस वर्षं वाट पाहिलेल्या रिचमंडच्या माणसाला त्या पिवळ्यात क्लबची ओळख पुसल्यासारखी वाटली का, हे रिचमंडमधल्या स्वान स्ट्रीटवर जाऊन कुणालाही विचारा.

राहता राहिला धंदा. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. क्लब दरवर्षी नवनवी जंपरं काढतात. घरचं, बाहेरचं, क्लॅशचं, आदिवासी कलाकारांच्या नक्षीचं, जुन्या काळाची आठवण म्हणून काढलेलं. सगळ्यांची किंमत लावली जाते आणि मुलं हट्ट करतात. काही क्लबांनी तर क्लॅशच्या नावाखाली गडदाला दुसरं गडदच काढलेलं आहे. त्याचा उपयोग शून्य, तिथे टीका व्हायलाच हवी.

रंगांवरून निव्वळ हक्काची भांडणंही होतात. पोर्ट अ‍ॅडलेड १९९७ ला एएफएलमध्ये आलं तेव्हा काळे-पांढरे पट्टे आणि मॅगपाय हे नाव कॉलिंगवुडकडे आधीच होतं, म्हणून पोर्टला आपलं जुनं रूप सोडून निळसर-हिरव्याची भर घालावी लागली. पुढे ‘प्रिझन बार’ म्हणून ओळखलं जाणारं ते जुनं जंपर पोर्टला अ‍ॅडलेड क्रोजविरुद्धच्या (म्हणजे वर आलेल्या अ‍ॅडलेडविरुद्धच्या) सामन्यात घालायचं होतं. २०२० मध्ये परवानगी मिळाली, २०२१ मध्ये नाकारली गेली, गुण कापण्याची ताकीदही मिळाली. शेवटी पोर्टच्या खेळाडूंनी सामना जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये ते अंगात चढवलं. समोर कॉलिंगवुड नव्हतंच, तेव्हा ओळखू न येण्याचा प्रश्नच नव्हता. तो वाद मालकीचा आणि बाजाराचा होता, आणि माझ्या मते त्यात पोर्टवर अन्याय झाला. पण तो राग क्लॅश जंपरवर काढू नका. क्लॅश जंपर खेळाडूने घालायचं असतं. प्रेक्षकाने ते विकत घ्यावं असा नियम कुठेही नाही. तुमचं वीस वर्षं जुनं जंपर घालून स्टँडमध्ये बसा, कुणी हटकणार नाही.

आपले बरेच पालक आता पोरांच्या क्लबांच्या कमिटीत आहेत, त्यांना एक विनंती. नवे जंपर मागवण्याआधी आपल्या जंपरचा आणि शेजारच्या क्लबच्या जंपरचा एकत्र फोटो काढा आणि फोनवर तो कृष्णधवल करा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर पाहुण्यांसाठी फिकट रंगाचा एक संच मागवा, आणि तो येईपर्यंत पांढऱ्या बिब (जंपरवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) वापरा.