व्हेलला समुद्रात ढकललं म्हणजे वाचवलं असं नाही

पावसाळा लागला की आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ हमखास येतो. किनारा रायगडातला नाहीतर रत्नागिरीतला. वाळूत डॉल्फिन पडलाय, भोवती ही गर्दी, चार पोरं शेपटीला धरून ओढतायत, एक जण बादलीने थेट डोक्यावर पाणी ओततोय. खाली हात जोडलेले इमोजी आणि "माणुसकी अजून जिवंत आहे". मला तो व्हिडिओ बघवत नाही.

डॉल्फिन आणि व्हेल मासे नाहीत, आपल्यासारखे फुप्फुसांनी श्वास घेतात, आणि नाकपुडी असते डोक्याच्या वर. म्हणजे आपण भक्तिभावाने जिथे पाणी ओततो तिथेच. शेपटी ओढली तर मणक्याला इजा होते. आणि त्याला सगळ्यात जास्त नडतं ते त्याचं स्वतःचं वजन. पाण्यात ते जाणवत नाही, पण वाळूवर तेच वजन फुप्फुसं आणि स्नायू दाबत राहतं. चेंगरलेल्या स्नायूंतली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात. कातडीखालच्या चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, वरून ऊन. असा प्राणी सहा तासांनी पाण्यात ढकलला की तो पोहत जातो, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. पुढे त्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा लोक खरोखर राबले. वनविभाग, पोलीस, गावकरी, शेवटी टगबोट. पिल्लू वाचलं नाही. २०१५ साली रेवदंड्याला सुमारे ४२ फुटी निळा देवमासा जिवंत लागला होता, तोही गेला. यात राबणाऱ्यांचा दोष काढायचा नाहीये. पण आईपासून तुटलेलं, दूध पिणारं पिल्लू खोल पाण्यात नेऊन सोडलं तर ते तिथे जगणार कशावर, हा प्रश्न टाळ्यांच्या आधी पडायला हवा.

"मग टाकीत ठेवून बरं करा की!" असं कोणीतरी म्हणतंच. डहाणूला कासवांवर तसे उपचार होतात आणि ते काम फार मोलाचं आहे. पण पर तुटलेलं कासव महिनोन् महिने टाकीत तग धरू शकतं, व्हेलला पुरेल एवढी टाकी आणणार कुठून? लहान डॉल्फिनलासुद्धा सुरुवातीला पाण्यात रात्रंदिवस धरून ठेवायला माणसं लागतात. अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांचे जे गोड व्हिडिओ येतात ते बहुतेक सील आणि सी-लायनचे असतात. त्यांना कोरड्यावर झोपता येतं, डॉल्फिनला येत नाही. म्हणून काही वेळा प्राण्याला वेदनेविना जाऊ देणं हाच पशुवैद्याचा योग्य निर्णय असतो. हे लिहिलं की लोक चिडतात. चिडू देत.

देशात समुद्री महाकाय प्राण्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली. त्यातलं सामान्य माणसाच्या वाट्याचं काम सोपं आहे: गर्दी मागे हटवा, ओलं फडकं अंगावर टाका पण नाकपुडी मोकळी ठेवा, सावली करा, वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा आणि पशुवैद्याची वाट बघा. मेलेला असेल तर हातही लावू नका, रोग माणसाला होऊ शकतात. सेल्फी तर नकोच. आणि त्या मेलेल्याचंही शवविच्छेदन व्हायलाच हवं. जाळ्याने मेला, जहाजाच्या धडकेने की आजाराने, हे न बघता जेसीबीने खड्डा करून पुरला तर पुढचा का मरतोय ते कळणार कसं?

आता आपल्या दारातलं. ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र बहुतेकांना फ्लेमिंगोच्या बोटींमुळेच ठाऊक आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्याचे फलक आपण मिरवतो. पण या खाडीला वाळूचा किनारा नाही, कांदळवन आणि गाळ. ओहोटीला एखादा पॉरपॉइज (डॉल्फिनचा छोटा भाऊबंद) त्यात रुतला तर बूट घातलेला कुठलाही साहेब त्याच्यापर्यंत पोचणार नाही. पोचतील ते दिवा गावचे, वाशी गावचे, सारसोळ्याचे कोळी, कारण गाळ कुठे पाय धरतो आणि भरती कधी चढते हे त्यांना पाठ आहे. बचाव पथकाचं प्रशिक्षण आधी त्यांना, मानधनासकट. आपण बाल्कनीतले निसर्गप्रेमी नंतर.

तसंही बरेचसे प्राणी किनाऱ्याला लागायच्या आधी जाळ्यातूनच सुटू शकतात. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. चांगली योजना आहे, पण पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. रात्रीच्या अंधारात, हलत्या होडीत दोघंच असताना एकाने प्राणी धरायचा, दुसऱ्याने जाळं कापायचं, आणि मोबाइल कोणी धरायचा? सोसायटीची सचिव मंडळी दिवा गावच्या बंदराला माशाच्या भावापलीकडे काही विचारायला गेली, तर हा प्रश्न आधी विचारा.