जलपरी, मुक्काम त्रिमूर्तीनगर

नागपुरात, आमच्या अंगणात बोट उभी आहे. शोभेची नव्हे, खरीखुरी. अठरा फुटी, फायबरची, एके काळी निळी. ती दोन चाकांच्या ट्रॉलीवर, पारिजातकाच्या खाली, नाक फाटकाकडे करून उभी असते, म्हणजे कुणी फाटक उघडलं की आत्ता निघेल असं वाटावं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर पलीकडे. देशाचा मध्य मानतात तो झीरो माइलचा खांब मात्र स्कूटरनं पंधरा मिनिटांवर.

ही जलपरी मामाजींची. रामटेकला असताना खिंडसीच्या तलावात फिरायला म्हणून त्यांनी ती हौसेनं घेतली. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि बोट भाच्याच्या गळ्यात आली. आमच्याकडे आल्यापासून ती पाण्यात गेलेली नाही. उन्हाळ्यात आमच्या हिच्या मुगवड्या तिच्यावर वाळतात. सपाट डेक, भरपूर ऊन, मांजर चढू शकत नाही. वाळवणासाठी अशी जागा अख्ख्या कॉलनीत नाही, हे मान्य करावंच लागेल.

2023च्या 23 सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि लोकांना घराघरांतून बोटींनी काढावं लागलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण त्या दिवसापासून जलपरीवर हसणं बंद झालं. समोरचे देशमुख काकाजी तर फाटकाशी येऊन हळूच म्हणाले, "चालू कंडिशनमध्ये ठेवत जा बरं."

चालू कंडिशन. तिथंच मी फसलो.

एका मित्राचं तलावाकाठी शेत आहे. त्याला म्हटलं, बोट तुझ्याकडे टाकू, रविवारी फिरू. तो म्हणाला, "टाक ना बे. पण इन्शुरन्स काढून आण. उद्या कोणी पडलं-बिडलं त माह्या सातबाऱ्यावर नको येऊन राहिलं." मला वाटलं, त्यात काय. स्कूटरचा विमा दरवर्षी मोबाईलवर दोन मिनिटांत होतो.

मोबाईलनं पहिला प्रश्न विचारला: वाहनाचा नंबर. जलपरीला नंबर नव्हता. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न होता, दुचाकी, चारचाकी की व्यावसायिक. ट्रॉलीची चाकं मोजून मी दुचाकी दाबलं. हेल्मेट वापरता का, असं त्यानं विचारलं नाही, एवढीच मेहरबानी.

मग आमच्या घराण्याचे एजंट. बाबांच्या वेळेपासून हेच. आयुर्विमा, मेडिक्लेम, स्कूटर, दुकानाची आग, सगळं त्यांच्या एका रेक्झिनच्या बॅगेत. बोट म्हटल्यावर त्यांनी बॅग बंद केली. "नागपुरात बोट? पाणी कुठी हाय?" तरी माणूस भला. दोन दिवसांनी स्वतःहून फोन केला, "याले मरीन हल म्हणतात, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा विमा. कंपनी देते, पण बोट किती सालची?"

"24 वर्षांची."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. स्थळ पाहताना मुलीचं वय कळल्यावर पूर्वी जशी शांतता पडायची, तशी.

त्यांनी मला समजावलं ते असं. स्कूटरच्या थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवून देतं. इंजिन किती सीसीचं तेवढं बघतात, म्हातारपण कोणी काढत नाही. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात गाडीची किंमत उतरवण्याचं कोष्टक असतं, पाच वर्षांत ती निम्म्यावर येते आणि पुढे कंपनी व मालक आपसात ठरवतात. बोटीला असलं तयार कोष्टक नाही. कंपनीतला जो कोणी फाईल बघेल त्याच्या मनात येईल तो आकडा. आणि त्या माणसानं बहुधा बोट फुटाळा तलावावर पॉपकॉर्न खाताना लांबून पाहिलेली असते.

पुढचे दोन महिने मी फोनवर होतो. एका कंपनीत दहा वर्षांपुढची बोट घेतच नव्हते. दुसऱ्या कंपनीतल्या बाईंचा आवाज फार गोड.

"सर, आपली बोट कोणत्या बंदरात असते?"

"त्रिमूर्तीनगर."

"ते कोकणात येतं का?"

"रिंग रोडला लागून."

"सर, सिस्टीममध्ये बंदर टाकल्याशिवाय पुढे जात नाही." मग टकटक ऐकू आली आणि त्या आनंदानं म्हणाल्या, "सापडलं! नागपूरला पोर्ट आहे की, सर. ड्राय पोर्ट." म्हणजे कंटेनर डेपो. रेल्वेनं कंटेनर येतात, कस्टमवाले शिक्के मारतात, पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, बोट तिथं नसते. त्या म्हणाल्या, "चालेल सर, नंतर बदलता येतं." हे वाक्य मी तेव्हा हलक्यानं घेतलं.

रात्री झोप येईना म्हणून कायदा वाचायला घेतला. आपल्याकडे 1963चा सागरी विमा कायदा आहे. त्याच्या शेवटी पॉलिसीचा नमुना जोडलाय आणि त्यात कोणकोणत्या संकटांचा भार उचलायचा याची यादी आहे. समुद्र, युद्धनौका, आग, शत्रू, समुद्री चाचे, चोर. मी हिला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खिंडसीत चाचे आले तर मिळतील ना पैसे? झोपा मग."

चाचे चालतात, पण झीज चालत नाही. हेच मला लागलं. वयानं जे झिजतं, कुजतं, गंजतं ते कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. म्हणजे 24 वर्षांच्या बोटीचं जे जे होणार आहे ते सोडून बाकी सगळ्याची हमी. आमच्या मेडिक्लेमवाल्यानं हिच्या गुडघ्यांबद्दल दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. जलपरीला तेवढाही वायदा नाही.

शेवटी एक कंपनी तयार झाली, सर्व्हे करून. आमच्या भागात बोटीचा सर्व्हेअर कुठून मिळायचा? आले ते जिनिंगमधल्या कापसाच्या आगी आणि उलटलेले संत्र्यांचे ट्रक बघणारे गृहस्थ. पण माणूस पक्का. मुंबईच्या कुणाकडून फोनवर शिकून आला होता. बूट काढून ट्रॉलीवर चढला, मुगवड्यांचं ताट अदबीनं बाजूला केलं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीनं बोटीचं अंग वाजवायला लागला. बोटभर पुढे, टक. बोटभर पुढे, टक. तबला लावताना वाजवतात तसं, कान लावून. टक, टक, टक. मागे इंजिन अडकवायची जाड पाटी असते, तिथं पोचला आणि आवाज बदलला. ठप.

"ऐकलं काय, काकाजी?"

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची माझी फार इच्छा होती.

"फायबरच्या आत प्लायवूड राहते. त्यानं पाणी पेलं हाय."

"अहो, पण दोन वर्षांपासून उन्हात आहे. मे महिन्यात 45 डिग्री असते इथं!"

"पेलं तिकडं. पचवून इथं राह्यलं."

मग खालच्या अंगाला फुग्यासारखे फोड दाखवले. एक त्यानं नखानं फोडला. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. मुगवड्या धरून उभी असलेली ही दोन पावलं मागे सरकली आणि मला कळलं की यंदाचं वाळवण गच्चीवर जाणार. रिपोर्ट लिहिता लिहिता तो म्हणाला, "एक सांगू? इंजिनच काढून टाका. वल्ही मारा. इंजिनच्या बोटीले 2021चा कायदा लागते, नोंदणी, सर्टिफिकेट, विमा, सगळं. बिनइंजिनच्या डोंग्याची नोंद गावातल्या गावात होऊ शकते." माझ्या दंडांकडे बघून त्यानं हा मुद्दा रिपोर्टात मात्र लिहिला नाही.

आता किंमत. सर्व्हेअर म्हणाला 1,10,000, मागची पाटी बदलली तर. कंपनी म्हणाली 60,000. कोपऱ्यावरचा भंगारवाला म्हणाला 9,000, आणि ट्रॉलीसकट देत असाल तर 14,000. एकट्या भंगारवाल्यानंच रोख देतो म्हटलं. सर्व्हेची फी, पाटीची दुरुस्ती आणि हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी धरला तर पहिल्याच वर्षी त्याच्या 14,000 पेक्षा जास्त माझ्याच खिशातून जाणार होते. मामाजींना विचारलं तर ते फोनवर गप्प झाले आणि मग म्हणाले, "तिचं इंजिन एका दोरीत सुरू व्हायचं रे." हे काही उत्तर नव्हतं. मी पाटी बदलून घेतली.

शेवटचा घोळ हप्त्याचा. गोड आवाजाच्या बाईंनी सांगितलं, बोट जितके महिने पाण्याबाहेर तितकी सवलत. दहा महिने बाहेर राहील म्हटलं, आकडा खाली आला. अकरा महिने म्हटलं, आणखी खाली. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "बारा सांगा!" बारा सांगितले तर सगळ्यात स्वस्त, पण मग नुसत्या अंगणातल्या वस्तूचा विमा. आम्ही अकरावर तोडलं. पाण्याला एक महिना, पावसाळा संपल्यावर.

मागच्या आठवड्यात पॉलिसी आली. नाव बरोबर, लांबी बरोबर, जलपरीचं स्पेलिंगसुद्धा जवळपास बरोबर. बोटीचा मुक्काम या रकान्यात छापलंय: नागपूर, ड्राय पोर्ट. मी लगेच दुरुस्तीचा ईमेल टाकला, बोट अमुक तलावात जाणार आहे, कृपया पत्ता बदलावा. संध्याकाळी उत्तर आलं. दुरुस्तीला सात ते दहा दिवस लागतील, आणि तोपर्यंत बोट बंदराबाहेर नेऊ नये.