भूत सोडा हो, पुढे काय झालं ते सांगा

परवा परत तेच रील आलं. शनिवारवाडा, काळोख, मागे ढॅणढॅण म्युझिक आणि "काका मला वाचवा". नारायणरावांचा खून झाला १७७३ मध्ये, अडीचशे वर्षं झाली, तरी त्या बिचाऱ्या पोराला आपण दर पौर्णिमा-अमावस्येला ओरडायला लावतोय! हेरिटेज वॉकलाही पब्लिकचा पहिला प्रश्न हाच असतो, भूत खरंच आहे का हो. दुसरा प्रश्न कोणी बांधलं. मग सेल्फी, मग मिसळ.

माझं म्हणणं एवढंच की बांधणारा गेल्यावर त्या वास्तूचं पुढे काय झालं ते विचारा, खरी गंमत तिथे असते राव.

विश्रामबागवाडाच घ्या. तुळशीबागेत खरेदीला जाणारं अख्खं पुणं त्याच्यासमोरून जातं, हातात चार पिशव्या, मान वर करून बघतंय कोण. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नव्हतं म्हणतात, आणि घरातला इतिहास बघता मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही. बाजीराव रोडवर जरा बाजूला उभं राहून बघा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे ते उंच लाकडी खांब, वर पुढे आलेला सज्जा, त्यावरचं कोरीवकाम. तेवढ्यात मागून बसवाला कर्कश हॉर्न मारणारच, मारू दे.

तर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरली, बाजीराव पुणं सोडून पळाला, पुढच्या वर्षी शरण आला आणि त्याची रवानगी झाली कानपूरजवळच्या बिठूरला. वाडा रिकामा. आणि १८२१ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांत, इंग्रजांनी तिथे काय काढलं तर संस्कृत पाठशाळा! पैसा कुठला, तर पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे त्याच फंडातला. चतुर जमात, पुण्यातली शास्त्री मंडळी बिथरू नयेत म्हणून त्यांचीच सोय त्यांच्याच पैशातून. सुरुवातीला प्रवेशही ब्राह्मणांनाच, हेही सांगायला हवं, ते गाळून नुसतं 'विद्येचं माहेरघर' म्हणत बसू नये. त्याच पाठशाळेचं वाढत वाढत आजचं डेक्कन कॉलेज झालंय. येरवड्याला जे आहे ना, तेच. रंगेल म्हणून बदनाम असलेल्या पेशव्याच्या वाड्यात त्याची मुळं आहेत, आता बोला.

मग १८७९ ची आग. पेशव्यांचाच दुसरा वाडा, बुधवारवाडा, त्यात खलास झाला, आज त्याचं नाव पण कोणाला माहीत नसतं. विश्रामबागचा पूर्वेकडचा भाग जळाला. वासुदेव बळवंतांचं बंड तेव्हा चालू होतं त्यामुळे संशय लगेच बंडवाल्यांवर गेला. पण हा वाडा परत उभा केला गेला, पुढे म्युनिसिपालिटीचं ऑफिस आलं, पोस्ट आलं, लोकांचे जिने चढणं-उतरणं चालू राहिलं. मला तर वाटतं म्हणूनच तो टिकला. कुलूप लावून ठेवलेला लाकडी वाडा वाळवी आणि पाणी मिळून किती वर्षांत खातात ते पेठेत कोणालाही विचारा.

म्हणून जुन्या इमारतीत ऑफिस किंवा लायब्ररी काढली की 'पावित्र्य गेलं' म्हणून गळे काढणारे आहेत ना, त्यांचं मला अजिबात पटत नाही. खिळे ठोकू नका, एसीच्या पाइपसाठी कोरीव तुळई फोडू नका, बाकी वापरा की खुशाल!

जाणार असाल तर सकाळी जा, तुळशीबाग उघडायच्या आत. आणि गाडी नेऊ नका, पार्किंग पेशव्यांनाही मिळालं नसतं तिथे.