तेहतीस कंदी पेढे

काल रात्री साडेनऊला मला कळलं की माझा धबधबा हललाय.

कळवणारे काका तासगावचे. मेसेज जसाच्या तसा देतो: ‘फोटो मिळाला. आम्ही बरे आलोय. पाणी मात्र हललंय. पुढच्या वेळी कॅमेरा घट्ट धरा.’ खाली जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल.

अहो, पाणी हललेलं दिसावं म्हणून तर पहाटे पाचला उठलो होतो. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून, सज्जनगडाच्या पायथ्यावरून घाट चढत २५ किलोमीटर ठोसेघर. पाठीवर ट्रायपॉड, गळ्यात रोलचा कॅमेरा, खिशात काळा फिल्टर. पोचलो तर धुकं. आषाढात ठोसेघरला धबधबा आधी दोन तास ऐकावा लागतो, मग दिसतो. धुकं हटलं तेव्हा दहा वाजले होते आणि पार्किंगमध्ये चार टेम्पो ट्रॅव्हलर एकदम रिकाम्या होत होत्या. धुक्याचं आणि गर्दीचं आतून काहीतरी ठरलेलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

आता हे पाणी दुधासारखं, पिंजलेल्या कापसासारखं दिसायचं तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. प्रकाश मोजणारा मीटर म्हणाला, एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करून, पाव सेकंद. त्यावर ६४ पट अंधार करणारा फिल्टर चढवला की १६ सेकंद. इथवर डिजिटलवाल्यांचंही गणित हेच. पण रोलचं पुढे एक नाटक असतं. शटर बराच वेळ उघडं राहिलं की फिल्म आळसावते. पहिल्या सेकंदाला ज्या उत्साहानं प्रकाश खाते तो पंधराव्या सेकंदाला उरत नाही, लग्नाच्या पंगतीसारखं. म्हणून तिला आग्रह करून जास्त वाढावं लागतं. माझ्या इलफर्ड एफपी४ या काळ्या-पांढऱ्या फिल्मला सेकंदांवर १.२६ चा घात चढवायचा, म्हणजे १६ चे होतात ३३. फिल्मचा हा आळस कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं ताऱ्यांचे फोटो काढताना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोजला. याच गृहस्थांनी पुढे १९१५ च्या अखेरीस आइन्स्टाइनची समीकरणं सोडवली आणि त्यातून कृष्णविवराचं गणित निघालं. आमच्या हिला हे सांगितलं तर म्हणाली, ‘कृष्णविवर कळलं. महिन्याचे पैसे तिकडेच जातात.’ रोल हजाराच्या घरात, धुणं-स्कॅनिंग वेगळं. साताऱ्यात एकेकाळी दर चौकात रोल धुवून मिळायचा. आता कुरिअरनं बाहेरगावी पाठवायचा आणि नवसासारखी वाट बघायची.

तर ३३ सेकंद. ओल्या हातानं घड्याळ सांभाळणं जमत नाही, म्हणून मी तोंडानं मोजतो. एक कंदी पेढा, दोन कंदी पेढा, तीन कंदी पेढा. नीट म्हटलं तर एक पेढा बरोब्बर एक सेकंद भरतो. बावीस पेढ्यांवर होतो तेव्हा कानाशी आवाज आला.

“पेढं कुठं मिळत्यात हितं?”

पांढरा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, हातात अर्धं खाल्लेलं कणीस. मी मान हलवली. पेढे विसरलो. अंदाजानं शटर मिटलं. एक फ्रेम गेली.

“कशाचं काय करायलाय?”

“फोटो काढतोय, काका.”

“दावा की कसा आलाय.” आणि ते कॅमेऱ्याच्या पाठीमागे वाकले. पाठीला काळं झाकण. त्यांनी ते बोटानं दोनदा टोकरलं. “स्क्रीन गेलीय व्हय?”

“याला स्क्रीन नसते. रोलचा आहे.”

“रोलचा!” काका इतके हळहळले की जणू माझ्या घरात कोणी गेलं होतं. “परिस्थिती हाय काय जरा?” मग आवाज खाली आणून, “माझ्या भाच्याचं मोबाइलचं दुकान हाय तासगावात. हप्त्यावर देतो.”

मी म्हटलं, मला हाच आवडतो. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी नातवाला हाक मारली, त्याच्या फोनवर बोट ठेवलं आणि पोरानं दोन सेकंदांत रेशमासारखा धबधबा काढून माझ्या नाकासमोर धरला. चांगला होता. हे लिहिताना अजून जीभ कडू होते, पण चांगला होता.

“बगा. तुमचा कदी दिसणार?”

“पंधरा दिवसांनी.”

काकांनी कणीस खाणं थांबवलं.

एव्हाना गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाच्या तरी स्पीकरवर गाणं, कुरकुऱ्यांची पाकिटं वाऱ्यावर, आणि प्रत्येक जण रेलिंगला रेलून, ओणवा होऊन, लटकून फोटो काढतोय. निसर्ग बघायला आलेल्या माणसाला निसर्गाकडे पाठ करूनच उभं का राहायचं असतं? आणि रेलिंग हललं की त्याला टेकवलेला माझा ट्रायपॉड हलतो, हे कोणाला सांगायचं? सांगितलं की माणसं अशी बघतात जणू मी धबधबा माझ्या नावावर करून मागतोय. तिकीट काढलंय त्यांनी. मीही काढलंय हो.

रोलवर एकच फ्रेम उरली होती, छत्तिसावी. खालून पुन्हा धुकं चढत होतं. मी शटर उघडलं आणि काकांचा नातू रेलिंगला लोंबकळला. मी ओरडलो, “हलवू नका! हलवू नका!”

काकांनी ऐकलं, “हलू नका.”

ते तेव्हा माझ्या लेन्ससमोर, डावीकडे, रेलिंगपाशी पोचले होते. त्यांनी खोळ काढली, कणीस पाठीमागे लपवलं, छाती काढली आणि थिजले. मी काही बोललो नाही, कारण माझा विज्ञानावर भरवसा होता. ३३ सेकंदांत चालती माणसं उमटतच नाहीत, पुसली जातात. दोन-चार सेकंदांत काका कंटाळतील, जातील आणि फिल्मला त्यांचा पत्ताही लागणार नाही. सात पेढे झाले, बारा झाले. आजूबाजूला शंभर माणसं वळवळत होती. काका नाही. त्यांची पापणीसुद्धा हलली नसावी. लहानपणी स्टुडिओत काळ्या कापडाखालच्या फोटोग्राफरनं ‘श्वास धरा’ म्हणून दम दिलेली ही पिढी. त्या अख्ख्या गॅलरीत शटरपुढे कसं उभं राहायचं हे ठाऊक असलेला एकमेव माणूस माझ्याच धबधब्यापुढे उभा होता. तेहतिसाव्या पेढ्याला शटर मिटलं तेव्हा त्यांनी ‘हुश्श’ केलं आणि नंबर लिहून दिला.

परवा स्कॅन आले. ३५ फ्रेम्समध्ये धुकं, गचके आणि कोणाची तरी छत्री. छत्तिसाव्या फ्रेममध्ये पाणी दुधाच्या धारेसारखं उतरलंय, गर्दीची नुसती वाफ झालीय, आणि डावीकडे काका. शर्टाची बटणं मोजता येतात.

पाठवायलाच नको होता. आज सकाळी परत मेसेज: ‘साहेब, मागचं पाणी काढून नुसता आमचाच करून द्या. नव्या घरात लावायचाय. रंगीत जमला तर बघा.’