‘शेणाला हात लावलाय का?’: ‘कास्तकार’ यांना उत्तर

मागच्या लेखाखाली ‘कास्तकार’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. लेख होता दोन-तीन एकर कोरडवाहूवाल्यांसाठी मी केलेल्या माहितीपत्रकांवर: निंबोळी अर्क, कामगंध सापळे (मादीच्या वासाने किडीचे नर पतंग ओढून पकडणारे), सोयाबीनच्या उगवणशक्तीची घरगुती चाचणी आणि गावात शेतीशाळा कशी भरवायची. प्रतिक्रिया थोडक्यात अशी: सापळ्यांचा आकडा चुकलाय, निंबोळ्या वेचायला मजूर कुठून आणायचा, फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस) घेऊ नका म्हणता, तर त्या दोन क्विंटलचे पैसे कोण देणार, शेतीशाळा सकाळी अकराला भरते तेव्हा बाया निंदणाला गेलेल्या असतात. आणि शेवटी, ‘पंख्याखाली बसून असली पत्रकं कोणीही लिहील, साहेबांनी कधी शेणाला हात लावलाय का?’

टीका मला चालते. गेली सहा वर्षं लिहितोय, कातडी जाड झाली आहे. पण हे शेवटचं वाक्य टीका नाही, हिणवणं आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

दारव्हा तालुक्यात आमचं साडेतीन एकर वावर. विहीर नाही. दोन एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मधे तुरीची तासं, उरलेल्यात आधी ज्वारी आणि नंतर सगळ्यांसारखं सोयाबीन. शाळेत जाण्याआधी गोठा झाडून शेणाच्या टोपल्या उकिरड्यावर नेणं हे माझं काम होतं, सातवीपासून कॉलेजात जाईपर्यंत. पायाला माती लागलेली घेऊन वर्गात बसलोय मी. पुढे नोकरी लागली, तालुक्याच्या गावी राहायला आलो, पंखा घेतला. हा गुन्हा असेल तर कबूल. पण अजूनही खरिपात दर शनिवार-रविवार वावरातच असतो. जीवामृतासाठी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि धुऱ्याखालची मूठभर माती घालून काठीने ढवळलंय का कधी, ‘कास्तकार’साहेब? चौथ्या दिवशी जो वास येतो तो पंख्याखाली येत नाही. बायकोने तो सदरा वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा नियम केला आहे.

तुम्ही नाव लिहिलं नाही, गाव लिहिलं नाही. तेव्हा तुमच्या हाताला शेण लागलंय की शाई, हे मला कसं कळावं?

आता सापळ्यांचं. इथे तुमचं बरोबर आहे, मोकळेपणाने मान्य करतो. मी ‘एकरी 5’ लिहिलं होतं. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवायची तर शिफारस हेक्टरी 5 सापळ्यांची आहे, म्हणजे एकरी 2. हेक्टर-एकराचा हा घोळ माझाच, पत्रक रात्री साडेअकराला पूर्ण केलं होतं. दुरुस्त केलंय. तीन सापळे जास्त लावल्याने कोणाचं वावर बुडालं नसतं, फक्त ल्युरचे (सापळ्यातल्या वासाच्या गोळीचे) पैसे वाया गेले असते. आणि सापळे किती, यापेक्षा त्यात पतंग किती पडले ते मोजणं महत्त्वाचं. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं की उपाय करायची वेळ आली. ही अळी बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणून डोमकळ्या (अळी आत असलेली, न उमललेली मिटकी फुलं) तोडायच्या, म्हणून सापळे. पत्रकात हे सगळं होतं. तुम्ही आकडा तेवढा पाहिलात.

निंबोळीबद्दल. माझी आई पहिल्या पावसाच्या आगेमागे धुऱ्यावरच्या तीन कडुनिंबांखाली पहाटे जायची, पडलेल्या निंबोळ्या टोपलीत गोळा करायची, सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवायची. फवारणीच्या आदल्या रात्री पाच किलो कुटायची, नऊ-दहा लिटर पाण्यात भिजत घालायची, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, त्यात वाटीभर साबणाचा चुरा. शंभर लिटर द्रावण व्हायचं, पाठीवरचे सहा-सात पंप. हे तिने कुठल्या प्रशिक्षणात शिकलं नव्हतं, एका ग्रामसेवकाने सांगितलं होतं एवढंच. कोणाला मजुरी दिली नाही, कधी हिशेब लावला नाही. मग आज मजूर कुठून हा प्रश्न येतो तेव्हा मला खरंच कळत नाही, की झाडाखाली वाकायलाही आता मजूर लागतो का. मजुरीचा प्रश्न मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आणखी एक सांगतो, कारण ही पत्रकं मी हौसेने काढत नाही. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या वावरात कामाला येणारा एक जण त्या वर्षी चार दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाटलीवरचं लेबल त्याला वाचता येत नव्हतं, आणि येतं तरी इतक्या बारीक अक्षरात काय वाचणार? पहिलं पत्रक मी त्यानंतर लिहिलं, मोठ्या टायपात, चित्रं काढून. तुम्ही म्हणता कोणीही लिहील. लिहा ना मग.

शेतीशाळेची तुम्ही ‘सह्या आणि पोहे’ म्हणून टिंगल केलीत. अशा शाळा मीही पाहिल्यात, फोटो निघाला की सतरंजी गुंडाळणाऱ्या. पण त्यावरून ती कल्पनाच पोकळ ठरत नाही. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे का वाढत होते? फवारणीने त्यांना खाणारे कोळी मेले होते म्हणून. 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून बांधावरच्या शाळा सुरू केल्या. वीस-पंचवीस जणांचा गट, आठवड्याला एकदा, पूर्ण हंगामभर. भाषण नाही. झाडं मोजायची, कागदावर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी, आणि फवारायचं की नाही ते गटाने ठरवायचं. आपल्याकडे राज्य सरकारच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पात हीच पद्धत गावोगाव आली. आमच्या गावात पहिल्या दिवशी ढालकिड्याच्या अळीला सगळ्यांनी शत्रूच्या बाजूला काढलं होतं, मीसुद्धा. मावा खाताना पाहिली तेव्हा खोडरबर शोधत बसलो.

फरदडीचं म्हणाल तर डिसेंबरनंतर वावरात पऱ्हाटी उभी राहिली की बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. हे विज्ञान आहे. दोन क्विंटलचं कोणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी काही कोणाच्या उपटलेल्या पऱ्हाटीची भरपाई द्यायला बसलेलो नाही.

अकराच्या वेळेबद्दल एवढंच, की कुठलीही वेळ सगळ्यांना सोयीची नसते. (प्रतिक्रिया घरी वाचून दाखवली तेव्हा बायको म्हणाली, ‘अकराचं त्यांचं खरं आहे, मी कुठे आले होते तुमच्या शाळेला?’ तिला डबे भरायचे असतात, ते वेगळं.)

सोयाबीनच्या चाचणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. शंभर दाणे ओल्या गोणपाटात, सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चांगलं. म्हणजे एक पान तरी तुमच्या तावडीतून सुटलं.

दुरुस्त पत्रक वर टाकलंय, ‘एकरी 2’ ठळक करून. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. आहे तशीच आहे, शेणाच्या वाक्यासकट.