‘दहा पट रक्कम सरकार देते’ : अपघातग्रस्तांना चुकीचे दार दाखवणारा संदेश

गेली काही वर्षे व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत आहे. सलग तीन वर्षे आयकर विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाला, तर त्या तीन वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहा पट रक्कम कुटुंबाला देण्यास सरकार बांधील आहे, असे त्यात म्हटलेले असते. आधार म्हणून मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १६६ आणि सर्वोच्च न्यायालयातील एका अपिलाचा क्रमांक दिलेला असतो, आणि माहितीअभावी लोक हा हक्क गमावतात म्हणून संदेश पुढे पाठवण्याची विनंतीही असते. कायदा खरा आहे, कलमही खरे आहे. त्या कलमाच्या नावावर जे सांगितले आहे ते मात्र त्या कलमात नाही.

पहिला मुद्दा पैसे कोण देते याचा. कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो, आणि तो ज्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला तो चालक, त्या गाडीचा मालक आणि गाडीचा विमा उतरवणारी कंपनी यांच्याविरुद्ध असतो. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे थर्ड पार्टी, कलम १४६ ने सक्तीचा केला आहे तो याचसाठी. सरकार या व्यवहारात देणेकरी म्हणून येते ते सरकारी गाडीने अपघात केला असेल तेव्हा. संदेश वाचून जो माणूस आयकर कार्यालयात किंवा जिल्हाधिकारी कचेरीत चौकशी करत फिरतो, त्याचे सुरुवातीचे मोलाचे महिने वाया जातात.

याला एक अपवाद नोंदवला पाहिजे. धडक देणारी गाडी पळून गेली आणि तिचा माग लागलाच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, आणि त्यासाठीचा अर्ज खरोखरच महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे जातो. मात्र या ठरावीक रकमेचा उत्पन्नाशी किंवा विवरणपत्राशी काहीही संबंध नाही.

दुसरा मुद्दा ‘दहा पट’ या आकड्याचा. भरपाईसाठी वार्षिक उत्पन्नाला ज्या संख्येने गुणतात तिला गुणक म्हणतात, आणि तो वयानुसार बदलतो. सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याचा तक्ता घालून दिला : २५ वर्षांपर्यंत १८, २६ ते ३० साठी १७, ३६ ते ४० साठी १५, ५१ ते ५५ साठी ११, ५६ ते ६० साठी ९, असा तो उतरत जातो. त्यात दहा हा आकडा कोणत्याही वयोगटासमोर नाही. त्याशिवाय प्रणय सेठी खटल्यातील २०१७ च्या निकालानुसार उत्पन्नात भविष्यातील वाढ धरली जाते; स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळिशीच्या आतल्या व्यक्तीसाठी ती ४० टक्के आहे. मृत्यूच्या दाव्यात मग मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. महिना १८ हजार रुपये कमावणारा, पत्नी आणि मूल असलेला २८ वर्षांचा रिक्षाचालक गेला, तर संदेशाच्या हिशेबाने २१ लाख ६० हजार होतात, आणि न्यायाधिकरणाच्या पद्धतीने एक तृतीयांश वजा करूनही फक्त उत्पन्नापोटी ३४ लाख २७ हजार २०० रुपये होतात. तेवढेच कमावणारा आणि तेवढेच अवलंबित असलेला माणूस ५८ वर्षांचा असेल, तर हीच रक्कम १४ लाखांच्या आसपास येते. म्हणजे हा संदेश तरुणाच्या घरच्यांना कमी आणि वयस्काच्या घरच्यांना जास्त आशा दाखवतो. तो दोन्हीकडून चुकतो.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र आकड्याला नाही. संदेश फक्त मृत्यूबद्दल बोलतो, आणि त्यामुळे वाचणाऱ्याची अशी समजूत होते की जो वाचला त्याला फार तर दवाखान्याचे बिल मिळेल. कलम १६६ मध्ये अर्ज कोण करू शकतो याची जी यादी आहे, तिच्यात पहिलेच नाव दुखापत झालेल्या व्यक्तीचे आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जखमीला कशाकशाची भरपाई द्यायची ते सविस्तर मांडले : उपचार, औषधे, प्रवास आणि पोषक आहार यांचा खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे होणारे उत्पन्नाचे नुकसान, पुढील शस्त्रक्रियांचा खर्च, आणि यांच्या जोडीला वेदना, जगण्यातल्या गमावलेल्या गोष्टी व घटलेले आयुर्मान.

त्याच निकालाने एक भेद स्पष्ट केला, आणि जखमींच्या दाव्यात बहुतेक वाद त्याच्याभोवतीच फिरतात. दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास ठरेल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, आणि सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकूनही राहते. वरच्या रिक्षाचालकाचा जीव वाचला पण पायाच्या दुखापतीने कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली असे धरले, तर वाढ धरलेले वार्षिक उत्पन्न ३ लाख २ हजार ४००, गुणक १७, आणि त्याचे ४० टक्के, म्हणजे २० लाख ५६ हजार ३२० रुपये केवळ या एका सदराखाली होतात. यातून स्वतःवरचा खर्च वजा होत नाही, कारण तो माणूस जिवंत आहे आणि त्याला जगायचे आहे. भविष्यातील वाढ जखमीच्या दाव्यातही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने पप्पू देव यादव खटल्यात २०२० मध्ये पुन्हा सांगितले.

तिसरा दावा विवरणपत्रांचा. ती असतील तर उपयोगी पडतात यात शंका नाही. न्यायालये त्यांना उत्पन्नाचा भक्कम पुरावा मानतात. पण ती नसतील तर हक्कच नाही, असे कायदा कुठेही म्हणत नाही. सय्यद सादिक खटल्यात पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याकडे उत्पन्नाचा कागद नव्हता. भाजी विकणाऱ्याकडून लेखी पुराव्याची अपेक्षा करणे योग्य नाही, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्याचे उत्पन्न महिना ६,५०० रुपये धरले आणि कमाईतील घट ८५ टक्के मानली. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हातगाडीवाले यांच्याबाबतीत किमान वेतनाच्या अधिसूचनेचाही आधार घेता येतो. अपघातानंतर घाईने मागच्या वर्षांची विवरणपत्रे भरण्याचा सल्ला काही जण देतात. त्या कागदाकडे विमा कंपनीचा वकील आधी संशयानेच पाहील, हे सांगायला नको.

जखमीला खरे तर वेगळे कागद लागतात : प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, आणि अपंगत्वाचा दाखला व तो देणाऱ्या डॉक्टरची साक्ष. मेडिक्लेमसाठी मूळ बिले देऊन टाकावी लागत असतील तर प्रमाणित प्रती आधी घ्याव्यात, कारण मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे.

‘सरकार बांधील आहे’ या वाक्यामुळे आणखी एक गैरसमज होतो, तो म्हणजे चूक कोणाचीही असो, पैसे मिळणारच. कलम १६६ खाली समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि आपलीही काही चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात रक्कम घटते. स्वतःच्याच चुकीने दुभाजकावर गाडी घालणाऱ्या मालकाला हे कलम उपयोगी नाही. त्याने आपल्या पॉलिसीतील वैयक्तिक अपघात विमा पाहावा. चूक सिद्ध न करता भरपाई देणारे कलम १६४ आहे, पण तिथे मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख एवढीच रक्कम आहे. इथे सावध राहावे लागते : कलम १४९ मधील तडजोडीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. रुग्णालयाच्या बिलाची चिंता असताना समोर आलेल्या अडीच लाखांवर सही करण्याआधी वरचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

संदेशात मुदतीबद्दल अवाक्षर नाही. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्यावर विसंबून थांबण्यात शहाणपण नाही. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवालच अर्ज म्हणून स्वीकारण्याची तरतूदही आहे, म्हणून तपास अधिकाऱ्याकडे तो गेला की नाही याची विचारणा करावी. दावा अपघात झाला त्याच ठिकाणी दाखल केला पाहिजे असेही नाही. कर्नाटकात जखमी झालेला सोलापूरचा माणूस सोलापूरच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो.